संगत

पतसंस्थेत नोकरी करून मला अठरा वर्षं झाली. आता कॅशच्या खिडकीत बसते, पण आधी बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर होते. "दोन जामीनदार लागतील. त्यांचं पगारपत्रक, आधार, पॅन, दोन-दोन फोटो," हे मी झोपेतही म्हणेन. जामीनदार समोर आला की त्याला एकदा विचारायचं असतं, "यांनी हप्ते थकवले तर वसुली तुमच्याकडून होईल, माहीत आहे ना?" तो मान हलवतो आणि सही करतो. मान न हलवणारा जामीनदार मी अजून पाहिलेला नाही.

२०२४ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात बसून मीही अशीच एक सही केली. मुलाला सांगाल तेव्हा बाल न्याय मंडळापुढे हजर करीन, त्याच्यावर लक्ष ठेवीन, वाईट संगतीपासून लांब ठेवीन, अशा अर्थाची हमी होती. माहीत आहे ना, असं कुणी विचारलं असतं तर मीही मान हलवली असती.

मुलाचं नाव इथे येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची तशी बंदीच आहे. नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईला त्यातून सूट नाही. घरात तो धाकटा आहे, इथेही धाकटाच राहील. हा लेख त्यानं वाचलाय. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

फोन आला तेव्हा पावणेदहा झाले होते. मी भिजलेली मटकी उपसत होते. "ताई, तुमच्या मुलाला इथे बसवलंय. दोघंही या. येताना त्याचा शाळेचा दाखला आणा." फोन ठेवल्यावर पहिली पंधरा मिनिटं आम्ही फक्त दाखला शोधला. नवरा स्टुलावर चढून कपाटावरच्या बॅगा काढत होता, मी दिवाणाचं फळकूट उचलून आत शिरले होते. का, कशासाठी, कुणी विचारत नव्हतं. दाखला सापडला तो लाईटबिलांच्या फायलीत. वय अशा कागदांवरच ठरतं, शाळेचा किंवा दहावीचा नाहीतर जन्मदाखला, हे मला पुढे कळलं. त्या कागदावर काय काय टांगलेलं आहे हे तेव्हाच कळलं असतं, तर फाईल उघडताना हात चालले नसते.

ठाण्यात धाकटा एका बाजूच्या खोलीत बाकावर बसला होता. लहान मुलांना कोठडीत घालता येत नाही. शेजारी पंजाबी ड्रेसमधल्या एक बाई होत्या, हातात बिस्किटाचा पुडा. मला वाटलं, बरोबरच्या पोराची आई असेल. मी त्यांच्यापाशी भडाभडा बोलायला लागले. "आमचा तसा नाहीये हो. दहावीला एक्क्याऐंशी टक्के आहेत. ही सगळी संगत. तो गॅरेजवाला पोरगा आहे ना, त्याच्या नादी लागून..." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, संगतीचं बघू आपण. यानं दुपारपासून काही खाल्लेलं नाही. बिस्किटंही नको म्हणतोय. तुमच्या हातून खातोय का बघा."

बालकल्याण पोलीस अधिकारी त्याच होत्या. मुलांशी बोलताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही, असा नियम आहे. धाकट्यानं माझ्या हातूनही खाल्लं नाही.

प्रकरण असं होतं. तिघांनी मिळून एका मंगल कार्यालयाबाहेर लावलेली जुनी स्प्लेंडर उचलली होती. तीन दिवस गंगापूर धरण, त्र्यंबकचा रस्ता असं फिरवली, नंबरप्लेट काढून ठेवली, आणि चौथ्या दिवशी नाकाबंदीत सापडले. चालवत होता गॅरेजमधला मुलगा, वय एकोणीस. मागे आमचा, सोळा वर्षं चार महिने. तिसरा आमच्याच मुलाच्या वर्गातला, त्याला नंतर घरून बोलावून घेतलं. गाडीचा मालक तिथेच भिंतीला टेकून उभा होता. दुधाचा रतीब घालणारा माणूस. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर लावलेल्या गाडीकडे बघत होता. "कॅन अडकवायचे हूकपण काढले पोरांनी," एवढंच बोलला.

गॅरेजवाला आतल्या खोलीत होता. मी तिकडे पाहिलं नाही. त्याच्या आईचा फोन लागत नाही, असं कुणीतरी म्हणताना ऐकलं.

त्या दोन खोल्यांमधल्या भिंतीचा अर्थ मला वकीलबाईंनी समजावला. भारतीय न्याय संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मुलांच्या कायद्यात तेवढ्या शिक्षेचा गुन्हा किरकोळ धरतात. नुसती मुलंच असती तर एफआयआरही झाला नसता. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली असती आणि माहिती मंडळाकडे गेली असती. बरोबर एक सज्ञान होता, म्हणून गुन्हा दाखल झाला. पण पुढे त्याची वाट वेगळी आणि आमची वेगळी, कारण मूल आणि सज्ञान यांचं प्रकरण एकत्र चालवता येत नाही. तो कोर्टात उभा राहिला आणि तिथून नाशिकरोडच्या जेलमध्ये गेला. आमचा त्याच रात्री घरी येऊन आपल्या उशीवर झोपला. म्हणजे पडला. १९८६ च्या जुन्या कायद्यात मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळा वर्षं होती, २००० च्या कायद्यानं ती अठरा केली. जुनाच कायदा असता तर आमचाही त्या आतल्या खोलीत असता, चार महिन्यांच्या फरकानं.

इथे मला एक कबूल करायचंय. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीनं दोन तरुण जिवांना उडवलं, आणि पहिल्या जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. सगळ्या महाराष्ट्राचं टाळकं फिरलं, माझंही फिरलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं होतं, "वय कसलं बघताय, गुन्हा बघा." एकवीस अंगठे आले होते. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप आईबापांवर आला तेव्हा लिहिलं, "कसले हे आईबाप!" तो राग मला आजही खोटा वाटत नाही. दोन माणसं जिवानिशी गेली होती.

पण ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीतले एकजण घरी आले आणि हळू आवाजात म्हणाले, गाडी उचलली त्या संध्याकाळी तो क्लासला होता असं हजेरीत दाखवता येईल. मग तो फक्त मागे बसला होता, एवढंच उरतं. मी त्यांना घराबाहेर काढलं नाही. "यांच्याशी बोलून सांगते," म्हटलं. दीड दिवस ती हजेरी माझ्या डोक्यात होती. पोळ्या लाटताना, नोटा मोजताना. ग्रुपवरचा माझा मेसेज मी तेव्हा शोधून पुसायला गेले, तर इतक्या जुन्याला 'सर्वांसाठी डिलीट' येतच नाही.

वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या होत्या. मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, घरची मिळकत विचारत नाहीत. वयानं माझ्या भाचीएवढ्या, बोलायला सुरीसारख्या. हजेरीचं नुसतं नाव काढलं तर म्हणाल्या, "आत्ता प्रकरणात मुलगा आहे. हे केलंत तर तुम्ही दोघं याल. आणि तुम्ही काही अठराच्या आतले नाही."

आमच्या घरात त्या आठवड्यात एक शब्द फार फिरला. नवरा जेवताना ताटाकडे बघत म्हणायचा, "चोर निघाला." स्वतःशीच, पण ऐकू जाईल असं. आपल्या वर्तमानपत्रांत 'विधीसंघर्षग्रस्त बालक' असा लांबलचक शब्द येतो, त्यावर मी पूर्वी हसायचे. चोराला चोर म्हणायला काय झालं? आता कायदाच सांगतो की या कामात आरोपी, अटक असले शब्द मुलाच्या बाबतीत वापरायचे नाहीत. मंडळात शेवटपर्यंत कुणी वापरले नाहीत. घरात वापरले. त्या शब्दाची लांबी किती उपयोगाची आहे हे मला पोरगा ताटावरून उठून गेल्यावर कळलं. एवढा मोठा शब्द रागाच्या भरात तोंडातून निघतच नाही.

मंडळ बसतं ते निरीक्षणगृहाच्या आवारात, ज्याला सगळं नाशिक अजून रिमांड होमच म्हणतं. मी सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन गेले होते. तिथे चौथरा नाही, पिंजरा नाही. एक टेबल, पलीकडे मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक बाई. आमचं पाच मिनिटांत आटपलं, पुढची तारीख मिळाली. बाहेर बाकावर एक पोरगा बसला होता, बारा-तेरा वर्षांचा, बरोबर कुणीच नाही. त्यानं मला तीनदा वेळ विचारली. तिसऱ्यांदा मी विचारलं, "कुणाची वाट बघतोयस का?" "नाही," म्हणाला.

मग परिविक्षा अधिकारी घरी आले. मंडळाला मुलाची सगळी माहिती हवी असते, घर, शाळा, सवयी. ते दोन आठवड्यांत अहवाल देतात. आदल्या रात्री मी घर असं आवरलं की जणू मुलगी बघायला पाहुणे यायचेत. पोहे केले. त्यांनी पोहे खाल्ले, घर काही फारसं पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "त्याचे मित्र कोण कोण?" मी तीन नावं सांगितली. त्यातला एक सातवीनंतर नागपूरला गेला होता, हे मला धाकट्यानं तिथेच सांगितलं. मग त्यांनी त्यालाच विचारलं, आणि तो सांगत गेला. अकरा नावं झाली. मी कधी न ऐकलेली. एक मुलगीही होती त्यात. मला त्याचे आठवीपासूनचे गणिताचे मार्क तोंडपाठ होते.

अधिकाऱ्यांनी अकराही नावं लिहून घेतली. गॅरेजवाल्याचं नाव त्यानं पहिलं घेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. दुपारी बाराच्या सुमाराला खिडकीवर एक बाई आल्या. घरकाम करतात, त्यांचं पिग्मी खातं आहे आमच्याकडे, रोज पन्नास रुपये. एजंटाच्या चिठ्ठीवरचं त्यांचं नाव मी कितीदा लिहिलं असेल, आडनाव मात्र कधी कशाशी जोडलं नव्हतं. खातं मुदतीआधी मोडायचं होतं. अर्जावर कारण लिहावं लागतं. म्हटलं, "मावशी, कारण काय लिहू?"

"पोराचा जामीन, मॅडम. वकिलाला द्यायचेत. नाशिकरोडला आहे." मग थोडं वाकून, मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये असं, "पोरगं गुणी आहे हो माझं. संगत वाईट लागली. शिकणाऱ्या घरची पोरं यायची गॅरेजवर. त्यांना काय, त्यांचे आईबाप सोडवून नेतात."

मी कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं. मुदतीआधी मोडल्याची कपात जाऊन अकरा हजार चारशे होत होते. दोनदा मोजले, तरी मशीनला पुन्हा लावले. त्या गेल्यावर मला राग आला. खराखुरा, कानशिलं गरम होतील असा. खातेदाराचं घरी बोलू नये हा आमचा नियम. तो मोडून मी त्या संध्याकाळी चपला काढता काढताच बोलले. "आपल्या पोराला म्हणते वाईट संगत! एकोणीस वर्षांचा घोडा, याला नादी लावलं, आणि उलट—"

"आई," धाकटा म्हणाला. तो मोरीपाशी उभा होता, हातात बादली. "ती बरोबर बोलतेय."

नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

"गाडी मी चालू केली. बिनचावीची कशी करायची ते त्याला येत नव्हतं. मी व्हिडिओत बघितलं होतं. तो नकोच म्हणत होता. मी म्हटलं, फक्त एक चक्कर." बादली त्यानं खाली ठेवली नाही, सगळं बोलून होईपर्यंत. "आणि त्यानं पोलिसांना अजून सांगितलं नाहीये."

ती रात्र मी इथे फार लिहिणार नाही. काढायला लावलेली दोन वाक्यं तिथलीच. नवरा म्हणत होता, जे कुणी विचारलं नाही ते आपण होऊन कशाला सांगायचं, आपल्या हातानं पोराला खड्ड्यात घालायचं का? आणि हे खरं की कायद्यानं त्याच्यावर बोलायची सक्ती नव्हती. मी कुणाच्या बाजूनं होते ते मला पहाटेपर्यंत कळलं नाही. नवरा चूक बोलतोय असंही म्हणवत नव्हतं. इतके दिवस मी पोराच्या पाठीशी उभी आहे असं समजत होते, आणि उभी होते ते त्या दुसऱ्या पोराच्या पाठीवर पाय देऊन.

वकीलबाईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्याच्याशी एकट्याशी बोलते. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. तुम्ही त्याच्या वतीनं बोलू नका, आणि त्याला गप्पही बसवू नका." फोनवर त्या त्याच्याशी चाळीस मिनिटं बोलल्या. मी दाराबाहेर उभी राहून काही ऐकू येतंय का बघत होते. नाही आलं.

पुढच्या तारखेला तो बोलला. मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. मॅजिस्ट्रेटनी लिहून घेतलं. समाजकार्यकर्त्या बाईंनी विचारलं, "गाडी कुणाची आहे, काय करतो तो माणूस, हे तुला तेव्हा माहीत होतं?" "हूक होते," तो म्हणाला. "कॅनचे. आम्हीच काढले." खोलीत पंखा तेवढा वाजत होता.

गॅरेजवाल्याला त्याचा उपयोग झाला का? फारसा नाही, असं मला वाटतं. त्याचं प्रकरण वेगळ्या कोर्टात, इथलं तिथे आपोआप पोचत नाही. बारा दिवसांनी तो जामिनावर सुटला, ते त्याच्या आईच्या पिग्मीवर आणि कुणा मामाच्या जामीनदारीवर. त्याच्या तारखा अजून चालू आहेत.

आमचं पाचव्या महिन्यात संपलं. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी असं कायदा म्हणतो, फार तर आणखी दोन. समज दिली, समुपदेशनाला पाठवलं, आणि काही शनिवार एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेतल्या लोकांना मदत करायला लावलं. तिथे त्याला म्हाताऱ्या बायका फॉर्म भरायला पकडायच्या, आणि त्याचं अक्षर बघून नावं ठेवायच्या. या निकालामुळे पुढे नोकरीला, पासपोर्टला आडकाठी येणार नाही, मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करायच्या असतात. हे ऐकून नवरा मंडळाच्या आवारातच रडला. आठ महिने 'चोर' म्हणणारा माणूस. नाही, आठ नाही, पाच. मला ते आठ वाटले.

रतीबवाल्याकडे धाकटा स्वतः गेला. मी लांब रिक्षात बसून होते. त्यांनी हिशेब केला: तीन दिवस रिक्षानं दूध पोचवलं, रोजचे दोनशे, सहाशे झाले. यानं मोजून दिले. "हुकांचे दीडशे," ते म्हणाले. तेही दिले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. "पेट्रोल?" यानं विचारलं. "त्याचे राहू दे. तुम्ही टाकी भरून ठेवली होती."

माझ्या हमीतली ती संगतीची ओळ मात्र राहिलीच. गेल्या महिन्यात माझ्या ॲक्टिव्हाचा ब्रेक लागेनासा झाला. धाकटा म्हणाला, "दाखवूया का तिथे?" कुठे, ते मी विचारलं नाही. गेलो. तो मुलगा गाडीखाली पाठीवर पडून काम करत होता. बाहेर आला, हात पुसत. मी पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट पाहिला. मिसरूड अजून धड फुटलं नव्हतं.

"बसा काकू," म्हणाला. ब्रेकशू बदलेपर्यंत दोघं फार बोलले नाहीत. एकदा धाकट्यानं विचारलं, "तारीख?" "चौदाला." मग पान्याचाच आवाज.

"किती झाले रे?"

"राहू द्या, काकू."

"राहू कसे देऊ?" म्हणत मी पर्स उघडली, तर पाचशेचीच नोट. दिवसभर लोकांना सुट्टे देणाऱ्या बाईकडे सुट्टे नाहीत. धाकटा नोट घेऊन समोरच्या टपरीवर गेला. आम्ही दोघं ॲक्टिव्हाच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

"आई बरी आहे का?" मी विचारलं.

"बरी आहे. परत पिग्मी चालू केलीय," तो म्हणाला. "तुमच्याकडेच."